आंबवलेले चालेल, बुरसलेले नाही



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एका विधवा भगिनीची सतरा बदके चार दिवसांत मेली. तिने बचत गटातून कर्ज काढून तीस पिल्ले आणली होती. घर कालव्याच्या काठी, भाताची खाचरे शेजारी, दोन मुले शाळेत जाणारी. नाताळपर्यंत अंडी सुरू होतील आणि मुलांची फी निघेल, असा तिचा हिशेब होता.

या नुकसानीत माझाही वाटा आहे. बाजारचे खाद्य परवडत नाही असे तिने सांगितले, तेव्हा मीच तिला म्हणालो होतो, "बाई, शहरात कितीतरी अन्न वाया जाते. ते आणा, आंबवा आणि बदकांना घाला." हा सल्ला खोटा नव्हता, पण अपुरा होता. काय आंबवावे हे मी सांगितले. काय आंबवू नये हे सांगितले नाही. तिला पावसात भिजलेला मका स्वस्तात मिळाला. त्याला कुबट वास होता, दाण्यांवर हिरवट बुरा होता. तिने तो धुतला, ताक घालून दोन दिवस आंबवला. वास गेला. वास गेला म्हणजे दोष गेला, असे तिला वाटले. तिच्या जागी आपल्यापैकी बहुतेकांना तसेच वाटले असते.

पशुवैद्यकांनी मेलेले पिल्लू फाडून पाहिले. यकृत सुजलेले आणि फिकट पिवळे झालेले होते. खाद्यातील बुरशीच्या विषाचा हा परिणाम असावा, असे त्यांनी सांगितले. तेव्हा मागच्या वेळी जे सांगायचे राहिले ते आज सविस्तर सांगतो.

बदक का पाळावे?

आपल्या भागात काकरापार आणि उकाईच्या कालव्यांमुळे भाताची शेती आहे, पाणी आहे. अशा जागी बदक कोंबडीपेक्षा काटक ठरते. ते खाचरातील गोगलगाई, किडे, गवताचे बी आणि सांडलेले भात वेचून खाते. केरळात कुट्टनाडचे बदकपाळ कापणी झालेल्या शेतांतून बदकांचे कळप फिरवतात, ते याच कारणाने.

अंड्यांसाठी आपल्याकडे खाकी कॅम्पबेल ही जात दिली जाते. इंग्लंडमधील उली या गावच्या ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती तयार केली.  चांगले खाद्य मिळाले तर या जातीची मादी पाच-सहा महिन्यांची झाल्यावर अंडी घालू लागते आणि वर्षाला २५० ते ३०० अंडी देते. अंड्याचे वजन ६५ ते ७० ग्रॅम भरते.

"चांगले खाद्य मिळाले तर" हे शब्द मात्र विसरू नयेत. अंडी देणाऱ्या बदकाला खाचरात चरून आल्यावरही रोज सुमारे १२० ते १५० ग्रॅम कोरडे खाद्य लागते. त्यात शेकडा १६ ते १८ भाग प्रथिने हवीत आणि कवचासाठी भरपूर चुना हवा. बदकपालनात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असतो. तो कसा कमी करावा, हा आपला प्रश्न आहे.

आंबण्यात काय घडते?

आंबवणे आपल्या घरांना नवे नाही. खानदेशातून आलेल्या कुटुंबांत आंबील होते. मुंबई-वसईकडील आपले ईस्ट इंडियन बांधव फुग्यांचे पीठ ताडीने फुगवीत, आणि नाताळात त्या फुग्यांबरोबर बदकाचे मोयले करीत. सुरतेत तर इदडा आणि ढोकळा रोजचाच.

पिठात पाणी घालून ते उबदार जागी ठेवले की दह्यातल्यासारखे सूक्ष्म जंतू वाढतात. ते पिठातील साखर खाऊन आम्ल तयार करतात. पीठ पुरेसे आंबट झाले की हगवणीचे आणि सडण्याचे पुष्कळसे जंतू त्यात वाढू शकत नाहीत. हा पहिला फायदा. दुसरा असा की कोंड्यात फॉस्फरस असतो, पण तो अशा रूपात बांधलेला असतो की पक्ष्याला पुरता पचत नाही. आंबताना ते बंधन काही अंशी सुटते. तिसरा फायदा बदकाच्या चोचीचा. कोरडे पीठ बदकाला नीट गिळता येत नाही, ते चोचीला चिकटते आणि निम्मे पाण्यात वाया जाते. ओले आंबोण ते आवडीने खाते आणि सांडतेही कमी.

आंबवल्याने एवढे होते. आंबवल्याने नसलेली प्रथिने निर्माण होत नाहीत, आणि असलेले विषही जात नाही. या लेखातील बाकी सर्व गोष्टी विसरलात तरी हे एक वाक्य लक्षात ठेवा.

सुरतेत काय मिळते?

आपले शहर खाण्याचे शौकीन. त्यामुळे उरलेसुरलेही भरपूर. त्यातील काय घ्यावे ते पाहू.

इदडा-ढोकळ्याचे उरलेले पीठ: तांदूळ आणि डाळीचे आंबवलेले पीठ हे उत्तम खाद्य आहे. फरसाणवाल्याकडे भांड्याला लागलेले किंवा उरलेले साधे पीठ मिळाले तर जरूर घ्यावे. परंतु तयार खमण आणि लोचो यांची गोष्ट वेगळी. त्यांत मीठ, सोडा, तेल, मिरची पडलेली असते. जास्त मीठ बदकाला बाधते, लहान पिल्लांना तर फारच. तयार फरसाण द्यायचेच झाले तर मूठभर, आणि तेही फक्त मोठ्या बदकांना.

पनीरचे पाणी: सुरतेचे टोपलीतले पनीर प्रसिद्ध आहे. पनीर काढल्यावर उरणारे पाणी आंबोण भिजवायला फार चांगले. घरी पनीर करणाऱ्यांनी ते मोरीत ओतू नये.

भाताचा कोंडा आणि कणी: हे गिरणीत मिळते. कोंडा ताजाच घ्यावा. त्यात तेल असते आणि काही दिवसांतच तो खवट होतो. महिन्याचा कोंडा एकदम भरू नये.

शिळा पाव: याबाबत सुरतेचीच एक जुनी गोष्ट सांगतात. डच लोकांची इथे वखार होती तेव्हा त्यांच्यासाठी ताडीने आंबवलेला पाव भाजला जाई. डच निघून गेल्यावर भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थांकडे आली. गिऱ्हाईक कमी झाले, पाव उरू लागला. उरलेला पाव वाळून कडक होई, पण तो खराब होत नसे, आणि लोक तोच आवडीने मागू लागले. त्यातूनच सुरतेची खारी बिस्किटे आणि बतासे आले, असे म्हणतात. गोष्टीतला धडा आपल्या कामाचा आहे. उरलेला पाव वाळवला तर टिकतो. ओला ठेवला तर बुरसतो. तेव्हा पाव आणला की त्याच दिवशी तुकडे करून कडक उन्हात वाळवावा. पावावर हिरवा-काळा ठिपका दिसला तर तेवढाच भाग कापून बाकीचा घालू नये. बुरशीची मुळे आतवर गेलेली असतात. तो पाव टाकून द्यावा.

पाण्याला अन्न समजू नका

उरलेले अन्न बादलीभर दिसते, पण त्यात पाणी किती ते पाहावे लागते. पनीरच्या पाण्यात शेकडा ९३ भाग पाणीच असते. एक लिटरमध्ये प्रथिने दहा ग्रॅमही नसतात. इदड्याच्या पिठात निम्म्याहून अधिक पाणी, ताज्या पावात सुमारे तिसरा हिस्सा.

आता हिशेब करा. दहा बदकांना रोज दीड किलो कोरडे खाद्य, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम प्रथिने लागतात. पनीरचे पाणी दहा लिटर पाजले तरी त्यातून १०० ग्रॅमसुद्धा मिळणार नाहीत, आणि एवढे पाणी दहा बदके पिणारही नाहीत. बादली रिकामी होते, बदकांची पोटे भरतात, पण अंडी कमी होतात आणि आपण म्हणतो की बदकांना नजर लागली. तसे काही नसते. पोट भरले तरी पोषण झालेले नसते.

म्हणून माझे सांगणे असे की शहरातून आणलेले उरलेले अन्न, कोरडे धरून, एकूण खाद्याच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे नेऊ नये. बाकीचे धान्य, कोंडा, पेंड आणि मासळी हवीच.

दहा बदकांचे एका दिवसाचे आंबोण

तांदळाची कणी किंवा स्वच्छ मक्याचा भरडा: ६०० ग्रॅम
भाताचा ताजा कोंडा: ४०० ग्रॅम
तुरीची चुनी: १०० ग्रॅम
सोयाबीनची पेंड: २०० ग्रॅम
बिनमिठाच्या सुकटीचा कूट: १०० ग्रॅम
शिंपल्यांचा चुरा: १०० ग्रॅम

हे दीड किलो झाले. यात प्रथिने शेकडा १७ च्या आसपास बसतात. इदड्याचे पीठ किंवा वाळवलेला पाव मिळाला तर तेवढी कणी कमी करावी. पेंड आणि सुकट कमी करू नये. चोऱ्यासी-ओलपाडच्या किनाऱ्याकडे शिंपले मिळतात. ते भाजून, कुटून घ्यावेत.

कृती अशी. कणी, कोंडा आणि चुनी प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा मातीच्या माठात घ्यावी. तांब्या-पितळेचे आणि ॲल्युमिनियमचे भांडे नको, आंबटाने ते चढते. त्यात अर्धी वाटी ताजे ताक आणि पाणी किंवा पनीरचे पाणी घालून कालवावे. हाताने दाबून बसवावे. वर बोटभर पाणी राहिले पाहिजे. दाणा पाण्याखाली असला की बुरशीला हवा मिळत नाही. झाकण ठेवावे, पण घट्ट बसवू नये, कारण आत वायू धरतो. उन्हाळ्यात एक दिवस, थंडीत दोन दिवस पुरतात. ताकासारखा आंबट, स्वच्छ वास आला की आंबोण तयार झाले. त्यातले मूठभर बाजूला काढून दुसऱ्या दिवशीच्या बादलीत विरजण म्हणून घालावे.

पेंड, सुकट आणि शिंपल्यांचा चुरा आंबवू नये. खायला घालताना वरून मिसळावा म्हणजे जास्तीचे पाणी तो शोषून घेतो आणि आंबोण भुरभुरीत होते. दिवसातून दोनदा घालावे. अर्ध्या तासात जेवढे संपते तेवढेच घालावे, उरलेले काढून भांडे धुवावे. जवळ पिण्याचे पाणी असलेच पाहिजे, आणि ते एवढे खोल की बदकाला डोके बुडवून नाकपुड्या धुता येतील. पाण्याशिवाय बदकाला कधीही खायला घालू नये.

नवे खाद्य एकदम सुरू करू नये. आठ दिवसांत थोडे थोडे वाढवावे. बदके बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत घालतात. तोवर त्यांना खुराड्यातच ठेवावे आणि रोज अंडी मोजून वहीत लिहावीत. कवच पातळ येऊ लागले तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा, बदके गरजेप्रमाणे खातात. अंडी कमी झाली तर पेंड आणि सुकट पुरेशी पडते की नाही ते आधी पाहावे.

बुरशीचे विष

आता मुख्य मुद्दा. ओल्या धान्यावर आणि भुईमुगावर वाढणारी एक पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. जगाला ते कळले १९६० साली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड सापडली. पुढे शास्त्रज्ञांना हे विष तपासण्यासाठी एखादा नाजूक प्राणी हवा होता. त्यांनी निवडले ते बदकाचे एक दिवसाचे पिल्लू. पाळीव पक्ष्यांत बदकाएवढे या विषाला बळी पडणारे दुसरे क्वचितच असेल. कोंबडी ज्या खाद्यावर जगते, त्यावर बदकाचे पिल्लू मरू शकते. बदकाच्या खाद्यात या विषाची मर्यादा किलोला ०.०३ मिलिग्रॅम सांगितली जाते. म्हणजे एक टन धान्यात ३० मिलिग्रॅम. तांदळाच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाएवढे. डोळ्यांना ते कधीही दिसणार नाही.

आणि हे फक्त पक्ष्यांपुरते नाही. १९७४ च्या अखेरीस आपल्याच गुजरातेतील पंचमहाल आणि शेजारच्या राजस्थानातील बांसवाडा या भागांत आदिवासी गावांमधून काविळीची साथ आली. सुमारे ४०० माणसांना बाधा झाली, १०६ दगावली. अवेळी पावसाने भिजलेला मका घरात साठवला होता आणि दुसरे धान्य नव्हते म्हणून लोकांनी तोच खाल्ला होता. त्या घरांतील कुत्रीही मेली. गरिबीने निवडायला जागा ठेवली नाही की असे होते. आपली ती भगिनी याच वाटेवर होती, फक्त तिने मका आधी बदकांना घातला.

हे विष शिजवून जात नाही, धुऊन जात नाही आणि ताकात आंबवूनही त्यावर भरवसा ठेवण्याइतके जात नाही. आंबट वास कुबट वासाला झाकतो, म्हणून धोका उलट वाढतो. बुरसलेले धान्य कोंबड्यांना, डुकरांना किंवा गाईलाही घालू नये. गाईच्या दुधात आणि पक्ष्याच्या अंड्यात या विषाचा अंश उतरतो, आणि ते दूध, ती अंडी आपली मुले खातात.

तेव्हा धान्य आंबवण्याआधी, कोरडे असतानाच तपासावे. मूठभर घेऊन नाकाशी धरावे. कुबट वास, एकमेकांना चिकटलेले दाणे, हिरवा, पिवळट किंवा काळा बुरा, यांपैकी एक जरी आढळले तरी घेऊ नये. मात्र वरून स्वच्छ दिसणारे धान्यही विषारी असू शकते, म्हणून पावसात भिजलेले धान्य स्वस्त मिळाले तरी नको. भुईमुगाची पेंड पावसाळ्यात घेऊ नये. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. बादलीतील आंबोणावर रंगीत, केसाळ थर आला तर वरचा थर काढून खालचे वापरू नये. सगळे खड्ड्यात पुरावे आणि बादली घासून उन्हात ठेवावी.

बदक खाईनासे झाले, लंगडू लागले, मान मागे ताणून झटके देऊ लागले तर खाद्य त्या क्षणी बंद करावे आणि त्याचा नमुना पिशवीत घालून पशुवैद्यकाकडे न्यावा. मान लुळी पडून बदक मान टाकत असेल तर कुजलेल्या अन्नाची किंवा सडक्या चिखलाची बाधा असू शकते. तेव्हाही विलंब नको. गुजरातेत पशुपक्ष्यांसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा.

सांडलेल्या अन्नावर कावळे आणि रानपक्षी येतात, हेही ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या शेजारच्या नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि तेव्हा सुरत जिल्ह्यात असलेल्या उच्छलपर्यंत कोंबड्या माराव्या लागल्या. बदक आजारी न दिसताही तो रोग पसरवू शकते. म्हणून खाद्य आडोशाला घालावे, बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत, आणि एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ते लपवू नये.

घरच्यांसाठी एक सूचना. बदकाचे अंडे पौष्टिक, पण ते चिखलात पडते आणि जंतू आत शिरू शकतात. ते पांढरे-पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत उकडावे. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांना अर्धेकच्चे देऊ नये.

दोन खमिरे

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. माझ्या सल्ल्यामागे तीच शिकवण होती. परंतु ते तुकडे त्याच दिवसाचे होते, चांगल्या भाकरीचे होते. तसेच खमिराबद्दल प्रभू दोनदा निरनिराळे बोलला. स्वर्गाच्या राज्याला त्याने खमिराची उपमा दिली, आणि परुशांच्या खमिराविषयी सावध राहा असेही बजावले. खमीर खमिरासारखेच दिसते. कशात काय मिसळले आहे ते आपण पाहायचे असते.

त्या भगिनीची तेरा बदके वाचली. आता ती धान्य घेण्याआधी मूठ नाकाशी धरून पाहते, आणि शंका आली तर रिकाम्या पिशवीने परत येते. स्वस्त मका सोडून देताना तिला जड जाते, हे मला ठाऊक आहे. तरीही तुम्ही सर्वांनी तसेच करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रभूच्या सेवेत आपला,
धर्मगुरू